‘आज नाही’ म्हणणारा पायलट

माझे साहेब पायलट होते, पण बहरीनमध्ये त्यांना विमान उडवताना कुणी पाहिलं नव्हतं. मुहर्रकच्या विमानतळावर एका कोपऱ्यात आमचं ऑफिस होतं. विमानात माणसं किती, सामान किती, इंधन किती, कुठलं ओझं पुढे ठेवायचं आणि कुठलं मागे, हे ठरवून तो कागद पायलटच्या हातात द्यायचा, एवढं आमचं काम. साहेब त्या ऑफिसचे मुख्य आणि मी टायपिस्ट. दोघंही वसईकडचे, दोघंही ख्रिस्ती. त्यामुळे ऑफिसात इंग्रजी, लोडरांशी हिंदी आणि एकमेकांवर ओरडायचं असलं की मराठी, अशी आमची वाटणी होती.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं आणि ऐंशीतली सुरुवातीची, एवढा काळ मी त्यांच्या हाताखाली काढला. त्या काळात आपल्या लोकांनी त्यांची जेवढी टिंगल केली, तेवढी मी कुणाचीच झालेली पाहिली नाही. त्यांना ‘कॅप्टन आज-नाही’ म्हणत. माझी थोरली मुलगी इंग्रजी शाळेत जायची, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीतूनच द्यायची. ती त्यांना ‘नॉट टुडे अंकल’ म्हणायची, आणि तेही तोंडावर. मुलीला मी दटावलं. मोठ्यांना कोण दटावणार? ते सगळे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पहिल्या बाकांवर बसणारे.

साहेब मात्र शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायचे. चर्च असो, लग्नाचा हॉल असो, कुणाचं घर असो, आत आल्याबरोबर बाहेर पडायचे रस्ते कुठे कुठे आहेत ते बघायचं आणि मग खुर्ची निवडायची. कुणी आग्रहाने पुढे बसवलंच तर चुळबुळ करत बसायचे आणि पहिल्या संधीला खुर्ची उचलून दाराकडे न्यायचे. माझ्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला आले, तेव्हा माझ्या सासूबाई पाहुण्यांना बाळ दाखवत होत्या. साहेबांनी बाळ दोन्ही हातांवर घेतलं, जरा खालीवर केलं आणि वजन सांगून टाकलं. “नाव विचारा की आधी,” सासूबाई म्हणाल्या. “नाव बदलत नाही,” साहेब म्हणाले, “वजन रोज बदलतं.” सासूबाईंनी त्या दिवशी मीठ-मिरच्या ओवाळून बाळाची दृष्ट काढली, आणि पुढे साहेब येणार म्हटलं की बाळाला आतल्या खोलीत झोपवायच्या.

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बहरीनची वेळ कधीच दाखवत नसे. जगभरचे वैमानिक जी एकच वेळ धरून चालतात, लंडनची, तीच त्यांच्याकडे. स्वतः ते कुठेही उशिरा पोचत नसत, पण दुसऱ्या कुणी वेळ विचारली की घड्याळात असेल ती सांगून मोकळे व्हायचे, आणि तो बिचारा ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ म्हणत निवांत बसून राहायचा आणि त्याची बस जायची. तक्रार केली तर वर त्यालाच ऐकवायचे, “कुठली वेळ, ते विचारलंत का?” माझ्या नवऱ्याची अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यातली शिफ्ट एकदा अशीच चुकली. त्यानंतर तो साहेबांना फक्त हवापाण्याबद्दल विचारायचा, आणि तिथेही पस्तावायचा.

लोडर लोकांशी त्यांचं रोजचं एक भांडण ठरलेलं. सामान चढवून झालं की लोडरांचा मुकादम यायचा आणि म्हणायचा, “खलास साब. दरवाजा बंद, इंशाल्ला.”

“इंशाल्ला कल के लिए है, भाई,” साहेब म्हणायचे. “दरवाजा आज का है. जाओ, हाथ लगाके देखो.”

मुकादम पाच वेळा नमाज पढणारा माणूस. तो कधी रागावला नाही. हसत जायचा, दाराच्या कडीला हात लावायचा आणि लांबूनच अंगठा दाखवायचा. रागवायचे ते आपले लोक. देवाचं नाव घेतल्यावर हा माणूस कडीला हात लावायला लावतो, म्हणजे याचा देवावर विश्वासच नाही, असं त्यांचं म्हणणं.

झल्लाकच्या सहलीचं सांगते म्हणजे कळेल. आमचं वसईकरांचं मंडळ वर्षातून एकदा शुक्रवारी समुद्रावर जायचं. बस भरून माणसं, मागे परकारचाचांची पिकअप. परकारचाचा रत्नागिरीचे, मुहर्रकच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान, आणि आमच्या सहलीची मोठी पातेली तेच आणायचे. रस्ता संपला तिथून समुद्र समोर दिसत होता आणि मध्ये सपाट, पांढुरकी, कडक जमीन. ड्रायव्हर सरळ आत घालणार, तेवढ्यात साहेब ओरडले, “थांबव!”

खाली उतरले. बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, आणि त्या पांढऱ्या जमिनीवर टाचा आपटत चालत सुटले. बहरीनमध्ये अशा जमिनीला सबखा म्हणतात. वर मीठ सुकून दुधावरच्या सायीसारखा थर धरतो आणि खाली चिखल असतो. बायका बसमध्ये घामाघूम, पोरं रडतायत, आणि हे गृहस्थ हातात बूट घेऊन समुद्रापर्यंत चालत जाऊन परत आले. एका ठिकाणी त्यांची टाच आत गेली होती. तेवढं पुरलं.

“बस इथेच. सामान हातात घ्या.”

“अहो, पलीकडे चाकांच्या खुणा दिसतायत,” माझा नवरा म्हणाला.

“त्या कधीच्या आहेत? आज कोण चाललं या जमिनीवर? मी चाललो. मी सांगतो, आज नाही.”

आम्ही सगळ्या बायका डोक्यावर चटया, हातात बर्फाचे डबे घेऊन त्या उन्हात निघालो. अर्ध्या वाटेत मागून हॉर्न वाजला. परकारचाचांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते आपले पिकअप घेऊन आमच्या बाजूने भरधाव गेले, समुद्राच्या अगदी कडेला थांबले, आणि खाली उतरून आमच्याकडे बघत राहिले. “काय हो,” ते लांबूनच ओरडले, “बस बिघडली काय तुमची?”

केवढं हसले लोक! दिवसभर तोच विषय. कोंबडी वाढतानाही कुणीतरी पातेल्यात टाच घालून बघायला सांगत होतं. मीही चिडले होते, माझी चप्पल तुटली होती. मी साहेबांना म्हटलं, “गेली की गाडी! काही झालं नाही.”

“गेली,” साहेब म्हणाले. “पण जायला नको होती.”

हे त्यांचं वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा ऐकलं. त्याच्यामागे काय आहे ते कळलं त्याच वर्षीच्या रमझानमध्ये. दिवसा उघड्यावर खायची सोय नसे, म्हणून आम्ही दोघं मागच्या सामानाच्या खोलीत दार लोटून डबा खायचो. तिथे मी त्यांना माझ्या बायबद्दल सांगितलं. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. कॉन्व्हेंटात जाऊन सिस्टर झाली, नर्सिंग शिकली आणि झाईरच्या जंगलातल्या एका मिशनमध्ये गेली. झाईर म्हणजे आधीचं काँगो. तिची पत्रं यायची, त्यात लिहिलेलं असायचं की आमचा चमू छोट्या विमानातून गावोगावी जातो, औषधं देतो, पोरांना टोचतो, पायी गेलो तर आठवडा लागेल तिथे चहा थंड व्हायच्या आत पोचतो. मी ते मोठ्या कौतुकाने सांगत होते. साहेबांनी डबा बंद केला.

“कुठलं मिशन?”

मी सांगितलं. आमच्याच वसईकडचे एक फादर ते मिशन चालवायचे.

“त्या विमानावर मी होतो,” साहेब म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याच फादरच्या भाषणात ऐकलेलं नाही. तिथल्या जंगलातल्या धावपट्ट्या म्हणजे डोंगराच्या उतारावर झाडं तोडून केलेली गवताची पट्टी. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला डोंगर. चढावर उतरायचं, उतारावर उडायचं. एकदा उतरायला वळलं की वळलं, मग परत फिरायला जागा नाही. त्यामुळे ठरवायचं ते आधी. आणि ठरवायचं कशावर? वरून गवत हिरवंगारच दिसतं, खाली चिखल आहे की दगड, कळत नाही. म्हणून साहेबांनी प्रत्येक गावात एक माणूस नेमला होता. त्याने रोज सकाळी पूर्ण पट्टी अनवाणी, टाचा आपटत चालायची आणि मिशनच्या रेडिओवर सांगायचं: चाललो, घट्ट आहे. किंवा चाललो, अमुक जागी मऊ आहे. विमान आलंच आणि पट्टी वाईट असली, तर मऊ जागेवर उभं राहून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे. आणि विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला, मग ती सिस्टर असो, धर्मशिक्षक असो की खुद्द बिशप, पिशवीसकट काट्यावर उभं करायचं.

“बिशपला?” मी विचारलं.

“बिशप सगळ्यात जड असतात,” साहेब म्हणाले.

एकदा एका गावात गोवराची साथ आली. तीन दिवस पाऊस, आणि आदल्या दिवसापासून त्या गावाचा रेडिओ बंद. पट्टीवर कुणी चाललं की नाही, कळायला मार्ग नाही. फादर म्हणाले, पोरं मरतायत, चला. साहेब म्हणाले, आज नाही. पट्टीची खबर येऊ द्या, त्याच मिनिटाला निघतो. फादर म्हणाले, तुझा देवावर विश्वास नाही का? साहेब म्हणाले, देवावर आहे, गवतावर नाही. तेव्हा दुसऱ्या मिशनचा एक पायलट काही सुटा भाग न्यायला आला होता. फादरनी त्याला साहेबांच्याच विमानात बसवलं, चमू घेतला, स्वतः बसले आणि गेले. संध्याकाळी परत आले, सगळे सुखरूप. त्यानंतर साहेबांना कुणी ‘जा’ म्हणालं नाही. फक्त विमान दिलं नाही. ते वाट बघून बघून निघाले, आणि मुहर्रकला येऊन दुसऱ्यांच्या विमानांची वजनं करत बसले.

“म्हणजे काही झालं नाही,” मी म्हटलं.

“काही झालं नाही,” साहेब म्हणाले. “पण जायला नको होतं.”

मला तेव्हा वाटलं ते असं, की साहेबांचं जे व्हायचं ते झालं, पण माझी बाय अजून त्याच विमानात बसते आहे. आता तिथे पट्टीवर कोण चालतं? साहेबांनाही ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी फादर वसईला सुट्टीवर जाताना वाटेत बहरीनला उतरले. मंडळाने हॉलमध्ये सभा ठेवली. पांढऱ्या चादरीवर स्लाइड दाखवल्या: जंगल, नदी, छोटं पिवळं विमान, त्याच्यासमोर हसणाऱ्या सिस्टर, त्यात माझी बाय. लोक भारावून गेले होते. मीही गेले होते. फादरांचं बोलणं गोड होतं आणि मराठी आपलं वसईचं, आईच्या तोंडचं. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली.

गोवर, पाऊस, मरणारी पोरं. “आमच्याकडे एक पायलट होता,” फादर म्हणाले. “नाव घेत नाही. शिकलेला, हुशार, पण काळीज सशाचं. गवत ओलं आहे म्हणाला!” हॉल हसला. “मी म्हटलं, बाबा रे, पेत्र येशूच्या शब्दावर पाण्यावर चालला, तुला गवतावर उतरायची भीती?” हॉल आणखी हसला.

साहेब दाराशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. हसणाऱ्यांतल्या अर्ध्यांना तरी कळलं असणार तो पायलट कोण ते, कारण माना मागे वळत होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं. फादर पुढे सांगत होते, कसं दुसऱ्या शूर पायलटने विमान उतरवलं, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, पोरं कशी वाचली. मग त्यांनी विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का.

साहेब उभे राहिले. “फादर, त्या दिवशी पट्टीवर कोण चाललं होतं?”

फादरनी डोळे मिटले, उघडले, आणि हसून म्हणाले, “देव. त्या दिवशी त्या पट्टीवर देव स्वतः चालला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. साहेब खाली बसले. आजही मला कुणी विचारलं की तुला आयुष्यात सगळ्यात जास्त राग कधी आला, तर मी त्या टाळ्यांचं नाव सांगते. एका माणसाने साधा प्रश्न विचारला, की माणसं घेऊन जिथे उतरलात ती जागा कुणी पाहिली होती का. त्याला उत्तर म्हणून देव पुढे केला, आणि देवापुढे कोण बोलणार? माझ्या बहिणीचा जीव ज्याच्या हातात, त्या माणसाचं हे उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. “पोरी, बहिणीला लिही. विमानात पाय ठेवायच्या आधी विचारायचं, आज पट्टीवर कोण चाललं? नाव सांगा म्हणावं. आणि देव हे उत्तर चालणार नाही म्हणावं.”

मी लिहिलं. फादर काय म्हणाले, लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या, सगळं लिहिलं. बायचं उत्तर आलं नाही. नाताळला कार्ड आलं, त्यावर तब्येत बरी आहे एवढंच. कॉन्व्हेंटमधून निघणारी पत्रं आधी मदर वाचतात हे मला माहीत होतं, म्हणून मी कार्डाच्या कोऱ्या जागांकडेसुद्धा बघत बसायचे. साहेब रोज सकाळी आले की टोपी खुंटीला लावता लावता विचारायचे, “जंगलातून काही?” मी मान हलवायचे.

मग एक दिवस वसईहून आईचा निरोप आला. बायला मिशनमधून परत पाठवलंय. आजारी नाही, पण कारण कुणी सांगत नाही. नैरोबीहून येताना बहरीनला विमान बदलणार आहे.

साहेबांनी पास काढून दिला आणि स्वतःही माझ्याबरोबर ट्रान्झिटच्या हॉलमध्ये आले. दुपार होती. बाय एका बाकावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. वाळली होती, पण डोळे तेच, आमच्या घराण्याचे, भांडखोर. मी तिला मिठी मारली आणि रडायला लागले. ती म्हणाली, “रडते काय गो! मेले नाय मी. काढून टाकलंय फक्त.” मग तिने साहेबांकडे पाहिलं. “हेच का ते?”

“हेच,” साहेब म्हणाले. “काय झालं?”

बायने सांगितलं. माझं पत्र मिळाल्यापासून ती दर वेळी विचारायची, आज पट्टीवर कोण चाललं. बहुतेक वेळा नाव मिळायचं, कारण साहेबांनी नेमलेली माणसं अजून आपापल्या गावात चालत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पण एकदा पाऊस होऊन गेलेला, रेडिओवर काही कळलेलं नाही, आणि फादर म्हणाले, बसा. पायलट नवीन, पोरगेलासा, तो फादरांच्या तोंडाकडे बघत होता. चमूमध्ये दोन धर्मशिक्षक आणि एक शिकाऊ मुलगी. बायने सगळ्यांसमोर विचारलं, आज पट्टीवर कोण चाललं? फादर हसून म्हणाले, देव.

“मी म्हटलं, फादर, मागच्या वेळी देव चालला तेव्हा त्याचा पाय मोडला होता. मीच बघते त्या पायाकडे दर महिन्याला.”

साहेबांना कळलं नाही. मलाही कळलं नाही.

“तुम्हाला ठाऊक नाय?” बायने साहेबांना विचारलं. “गोवराच्या वेळी त्या पट्टीवर माणूस होता की. सकाळीच चालला होता. खालच्या टोकाला मऊ लागलं त्याला. रेडिओ मेलेला, सांगणार कोणाला? विमानाचा आवाज आला तसा धावत जाऊन त्या मऊ जागेवर उभा राहिला, हात असे डोक्यावर धरून.” बायने दोन्ही हातांची फुली करून दाखवली. “त्या दुसऱ्या मिशनच्या पायलटला ती खूण ठाऊक नव्हती. त्याला वाटलं, स्वागत करतोय. अगदी जवळ आल्यावर माणूस हलत नाय म्हणून त्याने विमान उचललं, तेवढ्यात चाकाने याला उडवलं. पण उचललं म्हणून विमान मऊ जागा ओलांडून पुढे टेकलं. म्हणून वाचले सगळे. तो उभा नसता तर तिथेच रुतून उलटले असते, फादरांसकट.”

“कासोंगो,” साहेब म्हणाले.

“कासोंगोच. त्यानेच सांगितलं मला, चमूला फादरनी तोंड उघडू दिलं नव्हतं. डावा पाय वाकडा जुळलाय. फादर त्याला दर नाताळला एक शर्ट पाठवतात.”

मी साहेबांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं तसे ते बसले, दार कुठे आहे न बघता, मिळाला त्या बाकावर. त्या माणसाला त्यांनीच निवडलं होतं. हात डोक्यावर कसे धरायचे हे त्यांनीच, त्याच गवतावर उभं राहून, त्याला शिकवलं होतं. आणि इतकी वर्षं ते स्वतःच्या तोंडाने म्हणत आले होते, काही झालं नाही. फादर त्या विमानात होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी आमच्या हॉलमध्ये उभं राहून त्यांनी त्या माणसाला पुसून टाकलं आणि त्याच्या जागी देवाला उभं केलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर म्हणते, देवालासुद्धा त्या दिवशी राग आला असेल.

“अजून चालतो?” साहेबांनी विचारलं.

“काठी घेऊन. रोज सकाळी. विमान येणार असो की नसो.” बायने पिशवी सावरली. “मी चमूला खाली उतरवलं. पोरगीला म्हटलं, आज नाही. विमान खोकी घेऊन गेलं आणि परत आलं. काही झालं नाही. मग मला आज्ञाभंगासाठी शिवणाच्या खोलीत टाकलं, आणि आता घरी. माझ्या पोरांना आता कोण टोचणार, ठाऊक नाय.” मग तिने साहेबांकडे तोंड केलं. “खरं सांगा, चुकले का मी?”

“पट्टीवर कुणी चाललं होतं?”

“नाय.”

“मग नाही चुकलीस,” साहेब म्हणाले. त्यांनी उभं राहून तिच्यापुढे मान लववली, आणि तिची पिशवी हातात घेतली. घेतल्यावर सवयीने जरा खालीवर केली. पिशवीत काहीच नव्हतं म्हणायचं, इतकी ती हलकी होती. चौदा-पंधरा किलो औषधं पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या बाईला मिशनने एवढ्याशा सामानावर घरी पाठवलं होतं. तिला पुढे आपल्याकडच्या एका शाळेत पोरांच्या जखमांना आयोडीन लावायचं काम मिळालं. जंगलात तिला परत कुणी बोलावलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस होता, बिर्याणीची पातेली येऊन पडली होती. निवेदनं चालली होती, हिद्दला कुणाला खोली हवी आहे, कुणाची गाडी विकायची आहे. साहेब दाराजवळून उठले आणि कधी नव्हे ते सरळ पुढे गेले. माईक नको म्हणाले.

“मागे मी इथे एक प्रश्न विचारला होता,” ते म्हणाले. “पट्टीवर कोण चाललं होतं. मला चुकीचं उत्तर मिळालं. त्याचं नाव कासोंगो.”

एवढंच. परत जाऊन दाराशी बसले. हॉलमध्ये कुजबूज झाली. “कोण कासोंगो? आपल्या पॅरिशमधला?” “म्हातारा बिघडला.” “यल्ला, चला, बिर्याणी थंड होतेय.” आणि लोक खरंच उठायला लागले. खुर्च्या सरकल्या, बशा वाजल्या. फादरांच्या खोट्यावर उभं राहून टाळ्या वाजवलेले हेच लोक, आणि खरं सांगायला एक माणूस उठला तर यांना भूक लागली होती.

नवऱ्याने या वेळी माझं मनगट धरलं नाही. मी तडक गेले आणि हॉलचं दार धाडकन लावलं.

“दार उघडं ठेव, पोरी,” साहेब लगेच म्हणाले.

मी दार उघडलं. आणि त्या उघड्या दारात, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून, मी उभी राहिले. सगळे बशा हातात घेऊन माझ्याकडे बघत होते.

“याचा अर्थ काय ते ज्याला माहीत आहे त्याने बाहेर जावं,” मी म्हटलं. “बाकीच्यांनी खाली बसावं.”